नावाच्या भेटवस्तूंचा धंदा सांगलीत सुरू करायचा असेल तर

मे महिना अर्धा सरला की सन्मानचिन्हं करणाऱ्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत काम चालतं. कारण आहे ३१ मे. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून लागलेली आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे गुरुजी, ग्रामसेवक, लिपिक असे जिल्हाभरातले कितीतरी जण एकाच दिवशी सेवापूर्ती करतात, आणि प्रत्येकाच्या सत्काराला नाव घातलेलं काहीतरी लागतंच. ते सन्मानचिन्ह २ जूनला तयार झालं तर त्याला कुणी पाच रुपयेही देणार नाही.

हा धंदा समजून घ्यायला एवढं उदाहरण पुरतं. नाव घातलेली वस्तू दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, आणि दिवस टळल्यावर ज्याची आहे त्यालाही ती नको असते. साडीच्या दुकानात आज न गेलेली साडी उद्या जाते, इथे तसं होत नाही. म्हणून आगाऊ रक्कम कशी घ्यायची, माल किती भरायचा, भाव काय लावायचा, कुठली ऑर्डर नाकारायची, हे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून ठरतात. मशीन चालवायला कुणीही आठवड्याभरात शिकतं. खरं शिकायचं ते बाकीचं आहे, आणि या लेखाचा जास्त भाग त्यावरच खर्च करणार आहे.

आधी गिऱ्हाईक शोधा, मशीन मागाहून

नवीन माणूस बहुतेक वेळा उलटीकडून सुरुवात करतो. व्हिडिओ पाहतो, मशीन मागवतो आणि मग विचार करतो की आता विकायचं कुणाला. फोटोचा मग करून देणारी दुकानं सांगली-मिरजेत आधीपासून आहेत. मीही मग करतो एवढं सांगितल्यानं कुणी तुमच्याकडे वळणार नाही. पण डोहाळे जेवणापासून बारशापर्यंत लागणारं सगळं एका ठिकाणी करून मिळतं, असं कळलं तर बायका एकमेकींना नंबर देतात.

आपल्या भागात वर्षभर मागणी कशी फिरते ते आधी बघा. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं वाण लागतं. एका घरातून तीस, पन्नास, शंभर नग, एकसारखे, नाव घातलेले आणि स्वस्तातले. ही ऑर्डर डिसेंबरच्या मध्यापासून यायला लागते. फेब्रुवारी ते मे लग्नसराई: रुखवतात ठेवायच्या नावाच्या पाट्या, अंतरपाट, आहेराची पाकिटं. ३१ मेचं वर आलंच. निकालानंतर दहावी-बारावीचे गुणगौरव समारंभ. राखी, मग गणपती मंडळांचे टी-शर्ट आणि सन्मानचिन्हं. दिवाळीला पतसंस्था, दूध संस्था आणि कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या भेटी. बारसं, एकसष्ठी, सहस्रचंद्रदर्शन आणि वास्तुशांतीच्या घराच्या पाट्या मात्र बाराही महिने चालतात.

यातलं एक बारमाही आणि एक हंगामी काम निवडा. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी घराच्या पाट्या आणि बारशाच्या वस्तू बारमाही धरा, आणि संक्रांतीचं वाण हंगामी. पाटीला गिऱ्हाईक भाव करत बसत नाही, कारण ती वर्षानुवर्षं दारावर राहणार असते. वाणामुळे एका वेळी पन्नास घरांत तुमची वस्तू पोचते. मंडळांचे टी-शर्ट पहिल्या वर्षी टाळा. ऑर्डर मोठी दिसते, पण विसर्जनानंतर पैसे मागत फिरावं लागतं.

खानापूर-आटपाडी भागाचं एक वेगळं गिऱ्हाईक आहे. तिकडची गलई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरलेली आहेत आणि गावच्या यात्रेला, लग्नाला, नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला आवर्जून येतात. ती आधी फोनवर ऑर्डर देतात, पैसे ऑनलाइन पाठवतात आणि गावी आल्यावर वस्तू घेतात. विट्यात एखादा ओळखीचा दुकानदार वस्तू ठेवून द्यायला तयार असेल तर हे काम तुम्हाला सांगलीत बसून करता येतं.

मशीन घेण्याआधी चार-सहा नमुने दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घ्या. ते मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला, शाळेच्या स्टाफरूममध्ये, बचत गटाच्या बैठकीत दाखवा. छान आहे हे सगळेच म्हणतात, त्याला धरून चालू नका. आगाऊ रक्कम देऊन कुणी ऑर्डर देतंय का, तेवढंच बघा.

कुठली पद्धत निवडायची

नाव किंवा फोटो वस्तूवर उतरवायच्या चार पद्धती इथे चालतात.

सब्लिमेशनमध्ये खास शाईनं कागदावर छापून उष्णतेनं ते वस्तूवर उतरवतात. पॉलिस्टरचे टी-शर्ट, चहाचे मग, उशा, फोटो-टाइल, की-चेन यांवर हे चालतं. वस्तूवर पॉलिस्टर किंवा त्याचा थर हवाच, आणि रंग पांढरा किंवा फिका हवा. या शाईत पांढरा रंग नसतो, म्हणून काळ्या वस्तूवर काही दिसत नाही. साधा बाजारातला कप आणि सुती बनियन यांवर ती टिकत नाही.

सुती कपड्यांसाठी डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून ती उष्णतेनं कपड्यावर चिकटवायची. त्याचं मशीन महाग आणि रोज सांभाळावं लागणारं, म्हणून सुरुवातीला छापलेली फिल्म मीटरवर बाहेरून आणा आणि आपल्या हीट प्रेसवर, म्हणजे उष्णता आणि दाब देणाऱ्या मशीनवर, चिकटवा.

लेझरनं लाकूड, एमडीएफ आणि ॲक्रिलिक कापतात, कोरतात. पाट्या आणि सन्मानचिन्हं यातच होतात. चौथी यूव्ही छपाई, म्हणजे अतिनील किरणांनी शाई वाळवून थेट वस्तूवर छापणं, तिचं मशीन लाखांत जातं. या दोन्हींसाठी जॉबवर्क देणारे शोधा. तुम्ही फाइल द्यायची, ते कापून किंवा छापून देतात. सांगली, मिरज आणि कोल्हापुरात फ्लेक्स, रेडियम आणि लेझरवाले असं काम घेतात. दोन-तीन जणांशी बोलून ठेवा. एकाचं मशीन बंद पडलं तर ऐनवेळी दुसरा लागतो.

लेझरबद्दल दोन गोष्टी आत्ताच सांगतो, कारण मशीन विकणारे त्या सांगत नाहीत. निळ्या किरणाचं छोटं डायोड लेझर स्वस्त पडतं, पण त्यानं पारदर्शक ॲक्रिलिक कापलं जात नाही. त्याला सीओटू लेझर लागतं. आणि पीव्हीसी, म्हणजे सनबोर्ड किंवा रेक्झिनसारखं काही, लेझरखाली कधीही घालू नका. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो. तो माणसाच्या फुप्फुसांनाही वाईट आणि मशीनलाही.

म्हणजे सुरुवात सब्लिमेशननं, बाकी सगळं जॉबवर्कवर.

काय विकत घ्यायचं

प्रिंटर एप्सनचा इंक टँकवाला घेतात. त्याचं हेड शाई तापवून न उडवता पिझो पद्धतीनं सोडतं, म्हणून सब्लिमेशनची शाई त्यात चालते. शाई तापवून उडवणाऱ्या प्रिंटरमध्ये ती चालत नाही. प्रिंटर कोरा हवा, त्यात पहिल्यापासून सब्लिमेशनचीच शाई भरायची. साधी शाई भरून वापरलेला जुना प्रिंटर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. साध्या प्रिंटरमध्ये ही शाई भरली की कंपनीची वॉरंटी जाते, हे धरून चाला. मुळातच सब्लिमेशनसाठी बनवलेले एप्सनचे प्रिंटरही मिळतात, ते महाग असतात पण डोकेदुखी कमी.

मगाचा प्रेस आणि सपाट हीट प्रेस वेगवेगळे घ्या. आठ कामं करणारं एकच कॉम्बो मशीन जागा वाचवतं, पण साचे बदलण्यात वेळ जातो आणि एक भाग बिघडला की सगळं थांबतं. पंधरा बाय पंधरा इंचाचा सपाट प्रेस साधारण दोन हजार वॅट खेचतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग लागतं. एक्स्टेंशन बोर्डवर तो चालवू नका. घरून काम करणार असाल तर वीज जोडणी कोणत्या दरात मोडेल ते महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारा.

बाकी उष्णता सहन करणारी टेप, सब्लिमेशन पेपर, कटर आणि फाइल करायला बरा संगणक. प्रिंटर, दोन प्रेस आणि पहिला माल असं मिळून साठ-सत्तर हजारांच्या आसपास बसवता येतं. भाव सतत हलतात, म्हणून तीन ठिकाणचं कोटेशन घ्या. कोरे मग आणि वस्तू मुंबईला क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला घाऊक मिळतात. पण पहिल्या महिन्यात सांगलीतल्याच घाऊक विक्रेत्याकडून डझनावर घ्या. चार रुपये जास्त गेले तरी फुटलेला नग बदलून मिळतो.

'मशीन आमच्याकडून घ्या, छापलेला माल आम्हीच परत विकत घेऊ' अशा जाहिरातींपासून लांब राहा. सगळा माल विकत घेणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे असतं, तर त्यांनी छपाई स्वतःच केली असती.

एक मग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

हे नीट बघा, कारण बाकीच्या वस्तू याच पद्धतीनं होतात.

मगावर छापायची जागा साधारण वीस बाय नऊ सेंटिमीटर. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे अंदाजे २३६० बाय १०६० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, म्हणून गिऱ्हाईकाला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. जुना स्टुडिओतला फोटो असेल तर तो मागवून स्वतः ६०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या फोटोत काचेची चमक येते.

छापताना चित्र उलटं, म्हणजे आरशातलं, छापायचं. कागदावर रंग फिके आणि मळकट दिसतील, त्यानं घाबरू नका. खरा रंग उष्णता लागल्यावर उघडतो. मगाचा बाहेरचा भाग कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडानं पुसा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे डाग उठतो. कागद घट्ट गुंडाळा, कानाच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडा आणि टेप लावा. कागद किंचित जरी सैल असला तरी अक्षराला सावली पडते.

प्रेस १८० अंश सेल्सिअसच्या आसपास, वेळ तीन मिनिटांच्या आसपास. नेमका आकडा तुमचा मग, शाई आणि प्रेस यांवर ठरतो. म्हणून पहिले पाच-सहा नग फक्त चाचणीचे समजा आणि प्रत्येकाच्या बुडाला पेननं तापमान आणि वेळ लिहा. काळा रंग तपकिरी पडला तर उष्णता किंवा वेळ जास्त झाली. सगळं फिकं आलं तर कमी. फक्त कडा फिक्या असतील तर दाब कमी. बाहेर काढल्यावर हातमोजा घालून कागद एका झटक्यात सोडवा. हळूहळू ओढला तर गरम शाई दुसरीकडे लागते.

पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की कागद ओल धरतो आणि छपाईवर ठिपके येतात. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवा. टी-शर्ट छापण्याआधी पाच-सात सेकंद नुसता दाबून त्यातली ओल घालवा. प्रिंटर बंद राहिला की नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, चोंदतात, म्हणून ऑर्डर असो-नसो, दोन-तीन दिवसांनी एकदा नोझल चेक काढाच.

नावाची जबाबदारी तुमची

मराठी नाव बिनचूक छापणं हे या व्यवसायातलं सर्वांत मोठं कौशल्य आहे, आणि आपल्या भागात टिकायचं तर इथेच जिंकता येतं. परगावच्या ऑनलाइन कंपन्या मराठी अक्षरं धेडगुजरी छापतात. जोडाक्षर फुटतं, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते. तुमच्याकडे ते कधी होता कामा नये.

गिऱ्हाईक युनिकोडमध्ये मजकूर पाठवतं. बरेच जुने डिझाइनर अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत काम करतात. एकातून दुसऱ्यात बदलताना रफार आणि जोडाक्षरं गळतात. सूर्यवंशी, कुऱ्हाडे, ज्ञानेश्वरी, श्रद्धा, हृषीकेश ही नावं बदलल्यावर पुन्हा अक्षर-अक्षर वाचा. त्यापेक्षा युनिकोड फॉन्टवरच काम करा. मुक्ता, बालू, कलम, यात्रा वन असे मराठीचे चांगले फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि त्यांचा परवाना व्यवसायाला वापरू देतो. घराच्या पाटीला मी भारदस्त, रुंद फॉन्ट वापरतो. नाजूक लिखावट रस्त्यावरून वाचता येत नाही.

नाव कसं लिहायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. ऋतुजा की रुतुजा, कीर्ती की किर्ती, स्नेहल की स्नेहलता, ते घरचे ठरवतात. नाव लेखी मागवा. फोनवर ऐकून छापू नका. व्याकरणानं चुकीचं वाटलं तर एकदा विचारा, मग त्यांनी सांगितलं तेच.

आणि नावापुढची अक्षरं. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' कुणापुढे लागतं ते लग्नाच्या ऑर्डरीत तपासा. 'श्रीमती' हा शब्द आपल्याकडे बहुतेक घरांत विधवेसाठी वापरतात. एखाद्या शिक्षिकेचे यजमान हयात असताना तिच्या सन्मानचिन्हावर तो गेला तर भर कार्यक्रमात घरच्यांचे चेहरे पडतात. 'कै.' तर तीन वेळा विचारल्याशिवाय छापू नका. सत्काराच्या ऑर्डरीत हुद्दा, शाळेचं पूर्ण नाव आणि सेवेची वर्षंही लेखी घ्या.

प्रूफ आणि आगाऊ रक्कम

इथे नियम कडक हवेत आणि ते सगळ्यांना सारखे हवेत, मग तो मावसभाऊ असो.

एका वस्तूची ऑर्डर असेल तर पूर्ण पैसे आधी. दहाच्या वर नग असतील तर निम्मे आधी, उरलेले वस्तू देताना. प्रूफचं, म्हणजे छापल्यावर वस्तू कशी दिसेल त्याचं, चित्र पाठवा आणि सोबत लिहा: 'नाव, तारीख, ऱ्हस्व-दीर्घ तपासून ओके असे लिहून पाठवा.' अंगठ्याचं चिन्ह आलं तर ते धरू नका, शब्दांत होकार मागा. ओके आल्याशिवाय छापायचं नाही, दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी नाही. त्याला पडद्यावर दाखवा आणि मोठ्यानं वाचायला लावा. जे डोळ्यांतून सुटतं ते वाचताना सापडतं.

आमची चूक असेल तर फुकट नवीन करून देऊ, आणि तुम्ही ओके केलेल्या मजकुरात चूक निघाली तर अर्ध्या किमतीत, असं बिलावर छापून ठेवा. पूर्ण किंमत पुन्हा मागणं कायद्यानं बरोबर असलं तरी गिऱ्हाईक तुटतं. अर्धी किंमत दोघांनाही झेपते.

ऑर्डर वहीत कार्यक्रमाची तारीख आणि हातात द्यायची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. दुसरी तारीख किमान एक दिवस अलीकडची. लेझरचं जॉबवर्क असेल तर तीन दिवस अलीकडची. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलं लावा: नवीन, प्रूफ पाठवलं, ओके आलं, छापलं, दिलं. हंगामात एका वेळी तीस-चाळीस चॅट चालू असतात. डोक्यात ठेवून भागत नाही.

लोकांनी दिलेले फोटो ही ठेव आहे. विशेषतः बायकांचे आणि लहान मुलांचे फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्या, आणि काम झाल्यावर महिन्याभरात ते फोनमधून काढून टाका.

भाव कसा काढायचा

समजा कोरा मग ८० रुपयांना पडला. खोका १५, कागद-शाई-टेप ७. वीज एका मगाला रुपयाच्या आतच. झाले १०३. वीस नगांत एक वाया जाणार असं धरून प्रत्येकावर ५ रुपये चढवा, १०८. आता तुमचा वेळ. गिऱ्हाईकाशी बोलणं, डिझाइन, प्रूफ, छपाई, बांधणी मिळून चाळीस मिनिटं लागतात. तासाला शंभर रुपये धरले तर ६७, म्हणजे १७५. भाडं, फोन, मशीनची झीज यांचे २५. एकूण २००. हा मग २५० ला विकला तर पन्नास रुपये सुटतात.

शेजारचा १५० ला देतो म्हणून तुम्हीही द्यायला लागलात, तर स्वतःच्या चाळीस मिनिटांच्या मजुरीतले जेमतेम सतरा रुपये हातात राहतात, बाकी सगळी मजुरी सोडत असता. मात्र एकाच चित्राचे पन्नास मग असतील तर डिझाइन आणि प्रूफचा वेळ पन्नासांत वाटला जातो आणि १६० लाही परवडतं. म्हणून एका नगाचा भाव आणि ठोक भाव वेगळा ठेवा आणि दुकानात लिहून लावा. लिहिलेल्या भावावर घासाघीस कमी होते.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या सारख्या नावाच्या वेबसाइट बऱ्याच आहेत. दुकान असेल तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार थोडेच कामगार असताना नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते. लोक तिला अजून गुमास्ताच म्हणतात. बँकेत चालू खातं उघडायला ही दोन कागदपत्रं उपयोगी पडतात.

जीएसटीबद्दल सांगली-मिरजेच्या माणसानं जास्त जागं राहायला हवं. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे. म्हैसाळच्या पुढे गेलं की कर्नाटक. कागवाड, अथणी, उगार इथली माणसं रोज मिरजेला येतात आणि ऑर्डर देतात. दुकानात येऊन वस्तू घेऊन गेली तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही कुरियरनं अथणीला पाठवली की ती आंतरराज्य विक्री झाली आणि नोंदणीची गरज उभी राहते. बाहेरच्या राज्यातल्या गलई मंडळींना पाठवतानाही तेच. सुरू करण्याआधी सीएकडे तासभर बसून हे समजून घ्या. कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या मोठ्या ऑर्डरींना जीएसटीचं बिल लागतंच, म्हणून काही जण मर्यादेच्या आतही नोंदणी घेतात.

भांडवलासाठी मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्याला तारण लागत नाही. त्याहून मोठं काही करायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा, त्यात अनुदान आहे. मराठा समाजातल्या तरुणांना अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना बघता येईल. पण कर्ज मिळतंय म्हणून मशीन मोठं घेऊ नका.

काय छापायचं नाही

१५ ऑगस्टच्या आधी तिरंग्याचे टी-शर्ट, रुमाल, उशा मागणारे येतात. राष्ट्र प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ नुसार उशी, रुमाल, नॅपकिन आणि पेहरावाच्या कापडावर राष्ट्रध्वज छापायला मनाई आहे. सन्मानचिन्हावर चार सिंहांची राजमुद्रा घालून द्या, असा आग्रह सरपंचांपासून निवृत्त अधिकाऱ्यांपर्यंत होतो. तिच्या गैरवापराला २००५ चा वेगळा कायदा आहे. नम्रपणे नाही म्हणा. कार्टूनमधली पात्रं, सिनेमातली दृश्यं, क्रिकेट संघांची बोधचिन्हं ही दुसऱ्याची मालमत्ता आहे. सगळे छापतात म्हणून ती तुमची होत नाही.

शिवाजी महाराजांची प्रतिमा मी मगावर किंवा पायाखाली येईल अशा कशावरही छापू नये या मताचा आहे. उष्टा मग बेसिनमध्ये पडतो. त्याऐवजी फ्रेम किंवा टेबलावर ठेवायची पाटी सुचवा. गिऱ्हाईक बहुतेक वेळा ऐकतं. दिवंगत माणसाच्या फोटोलाही हाच विचार लावा.

जागा घेताना

गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक या बाजूला वर्दळ आहे, पण कृष्णेचं पाणीही तिथेच आधी येतं. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर या बाजारपेठेनं पाहिले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कोरे मग धुऊन वापरता येतील, पण कागद, एमडीएफ, प्रिंटर आणि हीट प्रेस यांची भरपाई होत नाही. पेठेत गाळा घ्यायचाच असेल तर तिथे फक्त नमुने आणि काउंटर ठेवा, मशीन विश्रामबागसारख्या उंच भागात किंवा वरच्या मजल्यावर. दुकानाच्या विम्यात पुराचं संरक्षण आहे का ते पॉलिसी वाचून बघा.

खरं तर पहिल्या वर्षी गाळ्याची गरजच नाही. घरातली एक खोली, गुगल मॅपवर नोंद आणि व्हॉट्सॲपचा कॅटलॉग यांवर काम चालतं. कॅटलॉगमध्ये कंपनीचे आयते फोटो टाकू नका. स्वतः केलेल्या वस्तू खिडकीच्या उजेडात ठेवून त्यांचे फोटो काढा, त्यावर मराठी नाव ठळक दिसू द्या.

पाठवणी

मगाला बबल रॅपचे दोन वेढे, नंतर तो पन्हाळीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि खोका हलवल्यावर आतून आवाज येता कामा नये. बांधलेला खोका कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकून बघा. फुटला तर बांधणी बदला. पाटी आणि फ्रेमच्या कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन लावा. गावोगाव पोचायला स्पीड पोस्ट बरं पडतं, कारण खासगी कुरियर जत-आटपाडीच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत जातंच असं नाही. तातडीचं असेल तर एसटीचं पार्सल.

पुढचं मशीन केव्हा घ्यायचं

लेझरच्या जॉबवर्कचं बिल ओळीनं तीन महिने लेझर मशीनच्या हप्त्यापेक्षा जास्त यायला लागलं की मशीनचा विचार करा. फक्त मे महिन्याचा आकडा बघून नाही, पावसाळ्यातले दोन महिने त्यात धरा. मदतीला माणूस ठेवायचा असेल तर आधी बांधणी आणि पोचवणीसाठी ठेवा. प्रूफ तपासणं बराच काळ स्वतःकडेच राहू द्या.

गणपती गेले की पितृपक्षात ऑर्डर थंडावतात. त्या पंधरवड्यात प्रेसचं तापमान पुन्हा तपासा, दिवाळीचे नमुने करा आणि ते घेऊन पतसंस्थांच्या व्यवस्थापकांना भेटा. दसऱ्यानंतर गेलात तर त्यांची खरेदी ठरलेली असते.